मागच्या सीटवरचा पिवळा रेनकोट

“हँडलला ओझं लटकवत जाऊ नकोस गं पोरी. हँडल वळवायला असतं, ती काय खुंटी आहे?”

नाना पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून हे ओरडले, तेव्हा मी खाली रस्त्यावर उभी राहून एक पिशवी डाव्या हँडलला आणि एक उजव्या हँडलला अडकवत होते.

“नाना, मी हळू चालवते!”

“मग हळू पडशील.”

नाना माझे कुणी सख्खे काका-मामा नव्हेत. आमच्या वाचनालयाचे सभासद. जन्मभर शहरात बस चालवली, आता गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते मनातल्या मनात नापास करत असतात. ज्यांना जिना उतरवत नाही अशा वाचकांना घरपोच पुस्तकं नेऊन देणं हे माझं काम. कॉलेज नुकतंच संपलं होतं, हातात डिग्री होती, डोक्यात हवा होती. वाचनालयाने मला पुस्तकं दिली, वाचकांचे पत्ते दिले, एक हेल्मेटसुद्धा दिलं. पुस्तकं कशातून न्यायची, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. मग घरात होत्या त्या दोन कापडी पिशव्या मी उचलल्या.

पुढच्याच आठवड्यात पुलाच्या उतारावर मी हळू पडले.

उजवी पिशवी आधी नुसती झुलत होती. मग ती गुडघ्याला लागायला लागली. गुडघ्याने तिला बाहेर ढकललं, तिने सूड म्हणून आत झोका घेतला — आणि सरळ पुढच्या चाकाच्या तारांमध्ये जाऊन बसली. चाक जागच्या जागी थांबलं. वेग इतका कमी होता की उडून वगैरे पडण्याचा मानही मला मिळाला नाही. भिंतीला टेकवलेली शिडी घसरावी तशी मी सावकाश कलंडले... आणि कलंडले ती शेजारच्या एका सायकलवर.

डोळे उघडले तर नाकासमोर पानं. ओली, हिरवी, मातीचा वास असलेली पानं.

“लागलं?” पानांच्या मागून कुणीतरी विचारलं.

“नाही... म्हणजे... पुस्तकं पडली.”

“पुस्तकांची चौकशी नंतर करतो. तुम्हाला लागलं का?”

त्याच्या सायकलला पुढे फळांचं लाकडी खोकं लावलेलं होतं आणि त्यात कुंड्यांची दाटी. त्याने मला उभं केलं, एक हात वर करून मागच्या गाड्या थांबवल्या आणि रस्ताभर पसरलेली पुस्तकं गोळा करायला लागला. प्रत्येक पुस्तक तो शर्टाला पुसत होता, मग नीट बंद करून दुसऱ्यावर ठेवत होता. मी बघत होते. बघायची मला सवयच आहे. नखांत माती, बाह्या दुमडलेल्या — एक जास्त, एक कमी. कानामागे एक सुकलेलं पान अडकलेलं, त्याला पत्ताच नाही. आणि डोक्यावर हेल्मेट, पण त्याचे पट्टे दोन्हीकडून मोकळे लोंबत होते.

“तुमच्या हेल्मेटचा पट्टा सुटलाय,” मी म्हणाले.

तो वाकला होता तसाच थांबला. माझ्या कोपरातून रक्त येत होतं, पिशवी अजून चाकात होती, आणि मी —

“आत्ता पडलं कोण?” त्याने विचारलं.

“तो वेगळा विषय. पट्टा सुटलाय तो सुटलाच आहे.”

तो हसला. अगदी मनापासून, सगळ्या उतारावर ऐकू जाईल असा. पट्टा मात्र लावला नाही.

मग खोक्यातल्या कुंड्या थोड्या सरकवून त्याने माझी पुस्तकं त्यांच्या मधोमध ठेवली, आणि आम्ही दोघं सायकली हातात धरून वाचनालयापर्यंत चालत गेलो. तो रोपांच्या नर्सरीत काम करत होता. घरोघरी, दुकानांत, कचेऱ्यांत कुंड्या पोचवायचा. तिथे सगळे त्याला ‘झाडवाला’ म्हणत, मग मीही म्हणायला लागले.

“उद्यापासून कसं नेणार?” वाचनालयाच्या दारात त्याने विचारलं.

“पाठीवर.”

“पाठीला विचारलंत?”

“पाठ माझी आहे. ऐकेल.”

पाठ चार दिवस ऐकली. पाचव्या दिवशी सायकलवरून उतरल्यावर सरळ व्हायलाच तयार होईना. शिवाय पाठीवर एवढं मोठं दप्तर असलं की मागे वळून बघता येत नाही. माझ्यासारख्या बाईला मागे बघता न येणं म्हणजे शिक्षाच. पुलावर तो रोज भेटायला लागला होता. एकदा बराच वेळ मागे-मागे येऊन शेवटी बरोबरीला आला.

“मघाशी तुम्ही न बघताच वळलात.”

“बघायला हवं होतं? तुमच्याकडे?”

“गाड्यांकडे हो... तसं माझ्याकडे बघितलं असतं तरी मागे गाड्या दिसल्या असत्या.”

पुलावर वारा फार होता आणि गालांना तो बरा वाटत होता.

मग मी पुढे बास्केट लावली. दिसायला फार गोड. पण पुस्तकांनी भरली की हँडलला स्वतःची मतं यायची. मी उजवीकडे म्हणायची, ते ‘बघू’ म्हणायचं. आणि स्पीडब्रेकर आला की सगळ्यात वरचं पुस्तक उडी मारून रस्ता ओलांडायला निघायचं. एकदा नानांची जाड रहस्यकथा अशी उडाली आणि नेमकी मागून येणाऱ्या झाडवाल्याने ती झेलली.

“खुनी कोण, ते सांगू का?” त्याने विचारलं. “शेवटचं पान उघडं पडलं होतं.”

“सांगितलंत तर पुढचा खून तुमचा.”

“मग राहू दे. मला अजून बरीच कामं आहेत.” मग बास्केटकडे बघत म्हणाला, “पुढे जड नका ठेवू. मीही पुढे थोडंच ठेवतो. मध्ये एक दोन चाकांची गाडी मागे जोडून बघितली होती. वळणावर मी डावीकडे गेलो, ती सरळ गेली. भाजीच्या दुकानात. माझी ताई अजून हसते.”

“ताई?”

“मोठी बहीण. तिच्याकडेच राहतो. हसण्याचं भाडं घेते माझ्याकडून.”

त्यानंतर दोन दिवस तो पुलावर दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो काखेत काहीतरी मारून. नर्सरीतल्या जुन्या हिरव्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या, वर रुंद पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या, कॅरिअरवर टाकल्या की एक डावीकडे आणि एक उजवीकडे बसणाऱ्या. टाके वाकडेतिकडे होते, पण घट्ट. चाकाच्या बाजूने आत पुठ्ठा घातलेला, म्हणजे पिशवी तारांत जायची नाही. खाली एक-एक हूक, म्हणजे झुलायची नाही.

“ह्या जुळ्या,” त्याने ओळख करून दिली. “वजन खाली राहतं, मागे राहतं. फक्त दोघींना सारखं द्यायचं. एकीला जास्त दिलंत की दुसरी रुसते आणि सायकल कलते.”

“आणि तुम्ही? तुम्ही कुणाकडे कलता?”

हे मी विचारलं. खरंच मी विचारलं! तोंडातून निघून गेलं आणि मग मला कळलं. त्याने तोंड उघडलं... आणि सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोवाल्याने असा काही हॉर्न दिला की ते उत्तर तिथेच राहिलं.

जुळ्यांमुळे माझं काम सोपं झालं. डावीकडे कादंबऱ्या, उजवीकडे मासिकं आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं. पाठ मोकळी, मान मोकळी, हँडल पुन्हा माझं ऐकायला लागलं. आणि मधल्या कुठल्या तरी दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कुणी केलं म्हणाल तर त्याने. तो म्हणतो, मी.

नाना खिडकीतून सगळं बघत होते.

“तो झाडवाला आत्ताच गेला हो इथून,” पुस्तक हातात घेता घेता ते म्हणाले. “सकाळीही गेला होता.”

“रस्ताच आहे तो, नाना. जाणारच.”

“माझी गल्ली पुढे बंद आहे गं पोरी.”

मी पुस्तकांवरची धूळ झटकायला लागले. नव्याकोऱ्या पुस्तकांवरची.

एका बुधवारी पुलाच्या मध्यावर त्याने सायकल कठड्याला लावली. मीही लावली. खाली पाणी संथ होतं. तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला.

“रविवारी नर्सरीत येशील? सकाळी... बंद असते तेव्हा. एक विचारायचं होतं.”

“आत्ता विचार ना.”

“आत्ता नको... नीट विचारायचंय.”

“नीट म्हणजे कसं?”

“म्हणजे...” त्याने इकडे तिकडे बघितलं. “म्हणजे एवढे हॉर्न वाजत नसताना.”

घरी येऊन मी इस्त्री काढली. थोड्या वेळाने आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

“कुठे निघालीस?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तू मघापासून एकच ड्रेस तीनदा इस्त्री करतेयस.”

“रविवारी नर्सरीत. झाडं बघायला.”

“आपल्या घरात एक कुंडी नाही.”

“म्हणून तर बघायला चाललेय, आई!”

शुक्रवारी आकाश भरलेलं होतं, पाऊस नव्हता, नुसता वारा सुटला होता. सिग्नलला मी दोन गाड्यांच्या मागे होते. पुढे तो दिसला. मी घंटी वाजवायला अंगठा उचलला... आणि तसाच ठेवला.

त्याच्या कॅरिअरवर लहान मुलांची सीट बसवलेली होती. उंच पाठीची, पट्ट्यांची. आणि सीटवर पिवळा रेनकोट. टोपी डोक्यावरून पुढे ओढलेली, छातीवरचं बकल घट्ट, पायांभोवती फडकं गुंडाळलेलं. बाह्या रिकाम्या हलत होत्या, म्हणजे हात आत घेतलेले. लहान मुलं वाऱ्यात घेतात तसे.

तो मागे वळला होता. हळू आवाजात त्या टोपीशी काहीतरी बोलत होता. थांबत होता, मान हलवत होता, पुन्हा बोलत होता. मग त्याने हात मागे नेऊन टोपीची कड अलगद खाली ओढली... किती जपून ओढली म्हणून सांगू! एवढ्या मायेने कुणी परक्याचं मूल नेत नाही, असं मी मनाशी म्हटलं. सीट आधी नव्हती, म्हणजे मूल आईबरोबर आजोळी गेलं असणार आणि आता परत आलं असणार. आणि ती ‘ताई’... ती तरी ताईच कशावरून? दिवा हिरवा होईपर्यंत मी त्याचं लग्न, बायको, सासुरवाडी, सगळं उभं केलं होतं. शिकलेल्या माणसाला तर्क करायला वेळ लागत नाही.

सिग्नल सुटला. पिवळा रेनकोट डावीकडे वळला. माझ्या मागे सगळं शहर हॉर्न वाजवत होतं आणि माझा पाय काही पेडलवर चढेना.

त्या रात्री मी जुळ्या धुतल्या. आत एक वाळलेलं पान निघालं, ते फेकवेना आणि ठेववेना. शनिवारी नर्सरी उघडायच्या आधीच जाऊन मी जुळ्या तिच्या फाटकाला अडकवून आले. रविवारी सकाळी आईने दाराशी येऊन विचारलं, “नर्सरी?”

“रविवारी बंद असते,” मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात. आई माझ्या शेजारी येऊन बसली आणि मग तिने इस्त्रीचा ड्रेस उचलून कपाटात लावला.

मग मी पुलावरून जायचं सोडलं. मंडईच्या गर्दीतून लांबचा रस्ता धरला, पाठीवर पुन्हा दप्तर. पाठ दुखायची, पण तिच्यामुळे दुसरं काही दुखतंय याकडे लक्ष जात नव्हतं, एवढीच सोय. खरं सांगू? राग त्याच्यावर नव्हता फारसा. त्याने मला काही कबूल केलं नव्हतं की फसवलं नव्हतं. एक प्रश्न विचारायचा होता फक्त. मीच त्या प्रश्नाभोवती घर बांधून, पडदे लावून बसले होते.

“जुळ्या कुठे गेल्या?” नानांनी विचारलं.

“परत केल्या.”

“हं.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “बसच्या आरशात आयुष्यभर माणसांचे चेहरे बघितलेत मी. उतरायचा थांबा मागे गेला की माणूस असा चेहरा करून बसतो. उठतही नाही आणि बेलही मारत नाही.”

“नाना, पुस्तक आवडलं का?”

“खुनी मला दुसऱ्याच पानावर कळला होता. तुला अजून काहीच कळत नाही, याचं नवल वाटतं.”

पुढच्या खेपेला मी नानांच्या खोलीत पुस्तकं फडताळात लावत होते, तेव्हा खालून सायकलची घंटी वाजली. ती घंटी मला झोपेतही ओळखू आली असती.

“आलं वाटतं माझं,” नाना म्हणाले. “मागवलंय मी काहीतरी. बघ गं खाली.”

मी खिडकीशी गेले. बरोबर खिडकीखाली त्याची सायकल. मागच्या सीटवर पिवळा रेनकोट. वरून फक्त टोपी दिसत होती, वाऱ्याने हलणारी. तो पट्टे सोडवत होता आणि काहीतरी पुटपुटत होता.

मी भिंतीला लागून मागे सरले. “नाना... मी जाते. मागून काही जिना आहे का?”

“का गं?”

“तो मुलाला घेऊन आलाय.”

“कुणाच्या?”

“स्वतःच्या!”

नानांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला. खिडकीच्या गजाला धरून खाली वाकले आणि बराच वेळ निरखून बघत राहिले.

“मुलगा आहे की मुलगी?” त्यांनी गंभीरपणे विचारलं.

“मला इथून कसं कळणार?”

“नाही, रंग जरा जास्तच हिरवा दिसतोय. म्हणून विचारलं.”

मी पुन्हा खिडकीशी गेले. खाली त्याने टोपी मागे सारली होती. टोपीतून... पानं बाहेर आली. कोवळी, चकचकीत, वाऱ्यात थरथरणारी. त्याने रेनकोटाची बटणं काढली, पायांभोवतीचं फडकं सोडलं, आणि सीटवरून एक कुंडी उचलली. लिंबाचं रोप. कमरेएवढं उंच, सरळ, टवटवीत लिंबाचं रोप!

माझा जीव असा काही भांड्यात पडला की त्याचा आवाज नानांनाही ऐकू गेला असेल. मी तिथेच जमिनीवर, पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी बसले आणि हसायला लागले. थांबताच येईना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचंही भान राहिलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. तो दारात आला — दोन्ही हातांत कुंडी, पानांच्या आड तोंड. मग पानं बाजूला झाली आणि मी दिसले.

“तू?”

मी घाईघाईने डोळे पुसले.

“रविवारी मी फाटकातच उभा होतो,” तो हळूच म्हणाला. “दिवसभर. हाताला काहीतरी काम हवं म्हणून झाडांना पाणी घालत राहिलो... दोन गेली बिचारी. माझं काही चुकलं असेल तर सांग ना. पण नुसत्या पिशव्या परत नको करूस.”

“तो रेनकोट कुणाचा?”

“काय?”

“रेनकोट. पिवळा. कुणाचा?”

“ताईच्या धाकट्याचा.” तो गोंधळून गेला होता. “त्याला आता आखूड होतो. सीटही त्याचीच. उंच रोप पुढच्या खोक्यात ठेवलं की समोरचं दिसत नाही, आणि मागे आडवं टाकलं की शेंडा मोडतो. म्हणून बसवून नेतो. वाऱ्याने कोवळी पानं फाटतात, म्हणून कोट... अगं, पण तू का विचारतेस?”

बोलता बोलता त्याला कळलं. कळत जाताना त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आधी डोळे, मग भुवया, मग कान. कान तर लालच झाले.

“तुला वाटलं...”

“मला काहीही वाटू दे. शुक्रवारी सिग्नलला त्याच्याशी एवढं काय बोलत होतास? झाडाशी?”

“तू बघितलंस?”

“सगळं बघितलं. फक्त आत कोण आहे ते सोडून.”

तो कुंडीकडे बघत राहिला. नाना उगाच पुस्तक उघडून बसले होते, उलटं.

“सराव करत होतो,” तो अखेर म्हणाला. “रविवारचा.”

“अरे मग आता ऐकव की!” नाना पुस्तकामागून गरजले. “त्या लिंबाचं पाठ झालं असेल एव्हाना.”

कुंडी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. तो तसाच उभा, हात भरलेले, पानं कानाला गुदगुल्या करताहेत.

“मी म्हणत होतो... म्हणजे विचारत होतो की... रोज पुलावर भेटायचं, मग तू तिकडे, मी इकडे... त्यापेक्षा सकाळी एकाच दारातून निघालो तर... तुला चालेल का? पुलापर्यंत रस्ता एकच आहे.”

मी उठले. त्याच्या अगदी जवळ गेले. लिंबाच्या पानांचा वास आला, ओल्या मातीचा आला, आणि थोडा त्याचाही. हेल्मेट अजून डोक्यावर होतं आणि पट्टे नेहमीसारखे दोन्हीकडे लोंबत होते. हात कुंडीत अडकलेले, त्यामुळे त्याला पळता येणार नव्हतं. मी दोन्ही टोकं घेतली आणि हनुवटीखाली जुळवली. टक्. माझी बोटं क्षणभर तिथेच राहिली. दाढी थोडी टोचली.

“चालेल,” मी म्हणाले. “पण पट्टा लावून.”

“ठेव रे ती कुंडी खाली आता,” नाना म्हणाले. “लग्न लागेपर्यंत धरून उभा राहणार आहेस का?”

ते लिंबाचं झाड आता नानांच्या खिडकीएवढं झालंय. आम्ही एकाच दारातून निघतो. जुळ्या माझ्या कॅरिअरवर परत आल्या. एकीला नवं ठिगळ लागलंय. आणि आमची लेक आता दीड वर्षाची आहे.

पुस्तकांचं काय, पडली तर पुसता येतात. लेकीला सायकलवर न्यायचं ठरलं तेव्हा माझी झोप उडाली. पुढे बसवावी की मागे? मोठ्या खोक्याची सायकल घ्यावी? मागे जोडायची गाडी? तिचं नाव काढताच ताई हसायला लागल्या, तो विषय तिथेच मिटला. शेवटी मागची सीटच ठरली, पण नवी. त्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. मग लेकीच्या वजनाची पिठाची पिशवी सीटवर बांधून मी नवऱ्याला आठवडाभर फिरवलं. तो निमूटपणे फिरला. रोज परत येऊन सांगायचा, “पीठ रडलं नाही. वळणावर हसलं थोडं.”

त्यानंतर लेक बसली आणि मी तिच्या मागून माझ्या सायकलवर. “खड्डा! डावीकडे बघ! हळू!” असं मी गल्लीभर ओरडत असे. काल रात्री तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “तू मागे असलीस की ती मान मोडून तुलाच शोधत बसते. पुढे बघतच नाही. उद्या तू घरी थांब. नानांना भेटवून आणतो.”

पटलं मला. हेच तर वाईट झालं.

आज सकाळी मी तिला पिवळा रेनकोट घातला. तोच. बाह्या दोनदा दुमडल्या. बकल त्याने लावलं, ओढून बघितलं, मग मी ओढून बघितलं. त्याच्या हनुवटीखालचा पट्टा मी लावला. तो माझ्याच वाटणीचा आहे. कोपऱ्यावर सायकल वळेपर्यंत पिवळा ठिपका दिसत होता. मग दिसेनासा झाला. तेव्हापासून मी खिडकीत बसून हे लिहितेय. बसून राहायचं तर हाताला काहीतरी हवं. आणि घरातल्या झाडांना मी पाणी घातलं असतं तर तीही गेली असती.

आत्ता फोन वाजला. नाना.

“पोचलं गं रोप. पानन् पान शाबूत आहे.”

“रडली का?”

“ती कशाला रडेल? लिंबाची पानं तोडतेय माझ्या. तू रडतेयस का?”

“नाही, नाना.”

“बरं. हळू रड.”

सुटले. खरंच सुटले. बाहेर ऊन पडलंय आणि सकाळपासून गार होऊन बसलेला चहा मला आत्ता दिसला.

फक्त एकच आहे. नानांकडे तो हेल्मेट काढून ठेवणार. निघताना लेकीचे सगळे पट्टे नीट लावेल, नानांना पुन्हा एकदा दाखवेल, आणि स्वतःचा विसरेल. तिथे त्याचा पट्टा लावायला मी नाही, आणि नानांना जिना उतरवत नाही. तेव्हा तुम्ही जर त्या पुलावरून जात असाल, आणि पिवळा रेनकोट मागे बसवलेली सायकल दिसली, तर लेकीची काळजी करू नका. या वेळी बाह्यांतून हात बाहेर असतील, ती तुम्हाला टाटाही करेल. तुम्ही तेवढं त्याच्या हनुवटीखाली बघा. पट्टा लोंबत असला तर थांबवा त्याला. घरून निरोप आहे म्हणून सांगा.